खाटेपासून बाकापर्यंत : मुक्तांगणची वाटचाल आणि शाळेचा वर्ग

'गर्द' हा आपल्या भाषेतला जुना, देखणा शब्द. गर्द झाडी, गर्द सावली, गर्द निळं पाणी. १९८० नंतरच्या काही वर्षांत मुंबईच्या गल्लीबोळांत त्याला दुसराच अर्थ चिकटला. तपकिरी भुकटी, चांदीच्या कागदाची पन्नी, खाली पेटती काडी आणि नळीतून आत ओढलेला धूर. ब्राउन शुगर. ती ओढणाऱ्याला लोक 'गर्दुल्ला' म्हणू लागले. एकदा हा शब्द लागला की त्या मुलाचं नाव, त्याची इयत्ता, त्याचे आईवडील, सगळं त्याखाली गडप व्हायचं.

मी त्या सुमारास पुणे जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी विज्ञानाचा शिक्षक म्हणून नुकताच रुजू झालो होतो. आमच्या गावापर्यंत गर्द पोचला नव्हता, पण त्याची भीती पोचली होती. पुढं एकतीस वर्षं मी शाळेत शिकवलं. त्या काळात मुलांना व्यसनांबद्दल काय सांगायचं आणि कसं सांगायचं, हे मी ज्या संस्थेकडं बघत शिकलो, तिच्या वाटचालीबद्दल लिहायचं बरेच दिवस मनात होतं. ही संस्था म्हणजे पुण्याचं मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र.

एक लाख रुपये आणि मनोरुग्णालयाचं आवार

अनिल अवचट शिक्षणानं डॉक्टर, पण त्यांनी दवाखाना थाटला नाही. ज्यांच्याकडं कोणी वळून बघत नाही अशा माणसांमध्ये जाऊन बसायचं, त्यांचं ऐकायचं आणि ते लिहायचं, हे त्यांनी आयुष्यभर केलं. ओळखीतल्या एका कुटुंबातला मुलगा ब्राउन शुगरमध्ये अडकला आणि अवचट त्या वाटेनं या विषयात शिरले. मुंबईत फिरले, ओढणाऱ्यांशी बोलले, त्यांच्या घरच्यांशी बोलले. त्यातून झालेल्या लेखनाचं पुढं 'गर्द' हे पुस्तक झालं.

ते लेख वाचून पु. ल. देशपांडे आणि सुनीताबाई अस्वस्थ झाले. हळहळ व्यक्त करून ती दोघं थांबली नाहीत. या मुलांसाठी काहीतरी उभं करा म्हणून त्यांनी आपल्या प्रतिष्ठानातर्फे एक लाख रुपये दिले. तेव्हा ही रक्कम फार मोठी होती. अवचटांच्या पत्नी डॉ. सुनंदा, ज्यांना बरेच जण डॉ. अनिता अवचट म्हणून ओळखतात, येरवड्याच्या मनोरुग्णालयात मानसोपचारतज्ज्ञ होत्या. केंद्राची धुरा त्यांनी उचलली. मनोरुग्णालयाच्याच आवारात जागा मिळाली आणि २९ ऑगस्ट १९८६ रोजी पुलंच्या हस्ते मुक्तांगणचं उद्घाटन झालं.

त्या काळाची आठवण इथं करून द्यायला हवी. आदल्याच वर्षी, १९८५ मध्ये, संसदेनं अमली पदार्थविरोधी कायदा केला होता. एनडीपीएस या नावानं आज तो सगळ्यांना माहीत आहे. त्यात कडक शिक्षा होत्या. व्यसनी माणूस म्हणजे गुन्हेगार, ही समजूत समाजात आधीपासून होतीच. दुसरीकडं १९८६ मध्येच मद्रासमध्ये एचआयव्हीची देशातली पहिली नोंद झाली. पुढं थोड्याच वर्षांत मणिपूरमध्ये सुईनं नशा करणाऱ्या तरुणांत हा विषाणू वणव्यासारखा पसरला. एका बाजूला तुरुंग, दुसऱ्या बाजूला मरण, आणि मधे बावरलेली घरं. अशा वेळी येरवड्यातल्या त्या जागेत येणाऱ्याला पहिल्याच दिवशी एक वेगळा शब्द मिळत होता : रुग्णमित्र. आधी रुग्ण, कारण हा आजार आहे. मग मित्र, कारण त्याला इथं कोणी खालच्या पायरीवर उभं करणार नव्हतं.

टर्की उतरते, ओढ राहते

या विषयात मुरलेल्या लोकांची स्वतःची बोली आहे. ब्राउन शुगर अचानक थांबली की जो त्रास होतो त्याला ते 'टर्की' म्हणतात. नाक-डोळे गळतात, हाडं ठणकतात, उलट्या-जुलाब होतात, रात्रभर डोळ्याला डोळा लागत नाही. टर्की साधारण आठवड्याभरात उतरते. औषधांनी ती सोसण्याजोगी करता येते. लोकांना वाटतं, झालं, मुलगा सुटला. पण शरीरातून पदार्थ गेला तरी मनातली ओढ जात नाही. जुना मित्र भेटला, ठरावीक नाका दिसला, पगाराचे पैसे हातात आले, घरात भांडण झालं, की ती उसळून वर येते.

म्हणून मुक्तांगणमध्ये पस्तीस दिवस राहायचं असतं. त्यात औषधोपचार आहेत, योगासनं-प्राणायाम आहेत, समुपदेशन आहे, गटात बसून बोलणं आहे. घरच्यांनाही यात सामील व्हावं लागतं, कारण व्यसन एकाचं असलं तरी आजारी सगळं घर पडलेलं असतं. पत्नींसाठी 'सहचरी' गट सुरू झाला. पुढं स्त्रियांच्या व्यसनमुक्तीसाठी 'निशिगंध' हा स्वतंत्र विभाग आला. घरी गेल्यावरही पाठपुरावा सुटू नये म्हणून गावोगावी भेटी सुरू झाल्या. आणि सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे, जे इथं येऊन सावरले त्यांच्यातलेच कित्येक जण पुढं इथले कार्यकर्ते, समुपदेशक झाले. 'मीही याच खाटेवर होतो' असं सांगणारा माणूस समोर बसला की नव्यानं आलेल्याचा अर्धा संकोच तिथंच गळून पडतो.

डॉ. सुनंदा १९९७ मध्ये कर्करोगानं गेल्या. ज्या माणसाभोवती संस्था उभी असते, तो गेला की संस्था खचते, असा आपल्याकडचा अनुभव आहे. मुक्तांगण खचलं नाही. मानसशास्त्र शिकलेल्या त्यांच्या कन्या मुक्ता पुणतांबेकर यांनी आणि तिथं तयार झालेल्या कार्यकर्त्यांनी काम पुढं नेलं. येरवड्यातच स्वतःची इमारत झाली. केंद्र सरकारच्या सामाजिक न्याय मंत्रालयानं पश्चिम भारतातल्या राज्यांसाठी प्रशिक्षण केंद्र म्हणून मुक्तांगणची निवड केली. म्हणजे इतर व्यसनमुक्ती केंद्रांतले कार्यकर्ते इथं शिकायला येऊ लागले. २७ जानेवारी २०२२ रोजी अनिल अवचट गेले, तेव्हा त्यांनी सुरू केलेलं काम स्वतःच्या पायांवर चालत होतं.

वॉर्डातून उलटं चालत गेलं की

वॉर्डात बसून एकामागून एक कहाण्या ऐकल्या की एक गोष्ट लक्षात येते. उपचाराला येणारा माणूस तिशी-चाळिशीचा असला, तरी त्याची गोष्ट नववी-दहावीत सुरू झालेली असते. पहिली बिडी, गणपतीच्या मिरवणुकीतली पहिली बाटली, सहलीला कोणीतरी पुढं केलेली पहिली सिगारेट. त्यामुळं उपचाराचं काम प्रामाणिकपणे करणारी संस्था आज ना उद्या शाळेच्या दारात येतेच. मुक्तांगणही आलं. शाळा-महाविद्यालयांत व्याख्यानं, पालकांशी गप्पा, शिक्षकांची शिबिरं. खाटेपासून सुरू झालेली वाट अशी उलटी चालत वर्गातल्या बाकापर्यंत पोचली.

बाकापर्यंत किती लवकर पोचायला हवं, याचं उत्तर आकडे देतात. तेरा ते पंधरा वयाच्या विद्यार्थ्यांमधल्या तंबाखूविषयी २०१९ मध्ये देशभर पाहणी झाली. त्यात बिडी ओढणाऱ्या मुलांपैकी ४७ टक्क्यांनी दहावा वाढदिवस होण्याआधीच सुरुवात केल्याचं आढळलं. दहावा वाढदिवस म्हणजे चौथी-पाचवी. आपण व्यसनाचं व्याख्यान नववीला ठेवतो. तोवर त्या मुलांची चार-पाच वर्षं होऊन गेलेली असतात.

त्याच वर्षी दिल्लीच्या एम्सनं केलेली देशव्यापी पाहणी प्रसिद्ध झाली. दहा ते पंचाहत्तर वयोगटातले सुमारे सोळा कोटी भारतीय दारू पितात, असं तीत दिसलं. पण मला हादरवलं ते दुसऱ्याच आकड्यानं. हुंगण्याचे पदार्थ, म्हणजे व्हाइटनर, पंक्चरचं सोल्यूशन, थिनर, हा नशेचा असा एकमेव प्रकार आहे की ज्यात मुलांचं प्रमाण मोठ्यांपेक्षा जास्त आहे. मोठ्यांत ०.५८ टक्के, दहा ते सतरा वयाच्या मुलांत १.१७ टक्के. या नशेला ना अड्डा लागतो ना ओळख. कंपासपेटीत मावते आणि स्टेशनरीच्या दुकानात मिळते.

दाखला

हा आकडा वाचला तेव्हा मला एक मुलगा आठवला. त्याचं नाव मी इथं लिहिणार नाही. आठवीत होता. शेवटच्या बाकावर बसायचा, विज्ञानाच्या तासाला मात्र पुढं सरकायचा. एकदा मधल्या सुट्टीनंतर त्याच्या दप्तरात रुमालात गुंडाळलेली व्हाइटनरची बाटली सापडली. रुमाल कडक झाला होता. शिक्षकांची बैठक झाली, शाळेचं नाव, बाकीच्या मुलांवर होणारा परिणाम यावर बोलणं झालं आणि दुसऱ्या दिवशी त्याच्या आईच्या हातात दाखला ठेवला गेला. त्या बैठकीत मीही होतो आणि मी गप्प बसलो. आई ओटीत दाखला घेऊन फाटकातून बाहेर पडली, ते अजून डोळ्यांसमोर आहे. दोन वर्षांनी तो मला बसस्टँडवर दिसला. त्यानं मला ओळखलं आणि मान फिरवली.

त्यानंतर एका शिबिरात मी हा प्रसंग सांगितला. तिथल्या कार्यकर्त्यांनी मला दोष दिला नाही. त्यांनी एवढंच विचारलं, की त्या मुलाच्या दिवसात भली माणसं कुठं भेटत होती? मी म्हटलं, शाळेत. मग त्याला कुठून काढलंत? या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडं नव्हतं. त्या दिवसापासून माझं शिकवणं बदललं.

घाबरवून भागत नाही

आपल्याकडं व्यसनाचं शिक्षण म्हणजे भीती दाखवणं, असं एक समीकरण आहे. काळ्या फुप्फुसाचं चित्र, सडलेल्या जबड्याचा फोटो, 'एकदा घेतलं की संपलं' असं वाक्य. मीही वर्षानुवर्षं हेच केलं. मुलं त्या तासाला चिडीचूप बसायची आणि मला वाटायचं, पोचलं.

याचा सगळ्यांत मोठा धडा अमेरिकेनं घेतला. १९८३ मध्ये लॉस एंजेलिसचे पोलीसप्रमुख डॅरिल गेट्स आणि तिथलं शिक्षण खातं यांनी मिळून 'डेअर' नावाचा कार्यक्रम सुरू केला. गणवेशातला पोलीस वर्गात यायचा, मादक पदार्थांचे धोके सांगायचा, नकार कसा द्यायचा ते शिकवायचा, शेवटी मुलं शपथ घ्यायची. पालक खूश, पोलीस खूश, शाळा खूश. बघता बघता तो देशातल्या बहुसंख्य शाळा-जिल्ह्यांत पसरला. मग संशोधकांनी केंटकी राज्यातल्या मुलांची दहा वर्षं माग काढत तपासणी केली. १९९९ मध्ये निष्कर्ष आला : विशीत पोचल्यावर 'डेअर' शिकलेल्या आणि न शिकलेल्या मुलांत काही फरक नाही. इतकी मेहनत, इतका पैसा, इतक्या शपथा. पण त्या संस्थेनं शेवटी स्वतःला बदललं, ही गोष्ट मला मोलाची वाटते. २००९ पासून तिनं जुना अभ्यासक्रम सोडून संवादावर, निर्णय घेण्याच्या सरावावर आधारलेला नवा अभ्यासक्रम घेतला.

संयुक्त राष्ट्रांच्या अमली पदार्थ कार्यालयानं २०१३ मध्ये प्रतिबंधाविषयीची आंतरराष्ट्रीय मानकं काढली. २०१८ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेसह त्यांची दुसरी आवृत्ती आली. जगभरचे अभ्यास चाळून त्यांनी सांगितलं, की नुसती माहिती देणारी आणि भीतीवर उभी असलेली व्याख्यानं उपयोगी पडत नाहीत. उपयोगी पडतात ती कौशल्यं, जी मुलांनी स्वतः बोलून, करून, सराव करून शिकायची असतात. उपयोगी न पडणाऱ्यांच्या यादीत आणखी एक गोष्ट आहे, जी वाचून मी बराच वेळ थांबलो. पूर्वी व्यसन केलेल्या माणसानं मुलांसमोर येऊन आपली कहाणी सांगणं, याचाही प्रतिबंधासाठी उपयोग दिसलेला नाही.

ही गोष्ट आपल्या मनाला पटत नाही. वॉर्डात तर हीच कहाणी सर्वांत मोठं औषध असते! पण विचार केला की उलगडा होतो. वॉर्डातला माणूस बुडालेला आहे. त्याला किनाऱ्याला लागलेला दिसला की आशा वाटते. वर्गातला मुलगा अजून पाण्यात उतरलेलाच नाही. त्याला त्याच कहाणीतून वेगळंच ऐकू येतं : हे काका पंधरा वर्षं सगळं करून आज व्यासपीठावर उभे आहेत, लोक टाळ्या वाजवतायत, म्हणजे करून सुटता येतं. शब्द तेच, ऐकणारे कान वेगळे. म्हणून सावरलेल्या माणसांची जागा मोठी आहेच, पण ती शिक्षकांच्या आणि पालकांच्या बैठकीत, जिथं मोठ्यांना व्यसनी माणसाकडं माणूस म्हणून बघायला शिकायचं असतं.

प्रश्नपेटी

मी वर्गात एक खोका ठेवला. बुटाचा रिकामा खोका, वर चीर पाडलेली. नियम दोनच. चिठ्ठीवर नाव लिहायचं नाही आणि अक्षरावरून ओळखलं तरी सर कोणाला विचारणार नाहीत. पहिल्या आठवड्यात चार चिठ्ठ्या आल्या, त्यातल्या दोन थट्टेच्या. तिसऱ्या आठवड्यात खोका भरला.

'बिअर म्हणजे दारू असते का?' 'दादा रोज मावा खातो, त्याला सांगितलं तर तो मारेल का?' 'जिममधला दादा म्हणतो इंजेक्शननं बॉडी होते, खरं का?' 'मित्रानं एकदा ओढली तर तो वाईट झाला का?' आणि वहीच्या कोपऱ्यातून फाडलेल्या एका चतकोर कागदावर पेन्सिलीनं : 'बाबा पिऊन आले की मी कुठं जाऊ?'

त्या चिठ्ठ्यांनी मला शिकवलं, की मुलांच्या प्रश्नांत पदार्थ थोडे आणि माणसं फार असतात. त्यांना गांजाचं रसायन समजून घ्यायचं नसतं. भाऊ, बाप, मित्र, गल्लीतला दादा यांच्याशी कसं वागायचं, हे हवं असतं. म्हणून मग आम्ही नकाराचं पाठांतर थांबवलं आणि प्रसंग करून बघायला लागलो. मित्र म्हणतो, 'एक कश मार, काय बायल्यासारखं करतोस.' आता काय म्हणायचं? एक मुलगा म्हणाला, नाही म्हणायचं. दुसरा म्हणाला, नाही म्हटलं तर उद्या क्रिकेटला घेणार नाहीत. हा दुसरा मुलगा खरं बोलत होता. नकाराची किंमत असते, ती मुलाला एकट्यानं मोजावी लागते, आणि ती किंमत कबूल न करता दिलेला उपदेश त्याला खोटा वाटतो. मग वर्गानंच मार्ग शोधले : विषय बदलायचा, घरी बोलावलंय म्हणून निघायचं, दोघांनी मिळून नाही म्हणायचं. 'दोघांनी मिळून' हा मार्ग फळ्यावर सर्वांत वर गेला.

बाबांच्या चिठ्ठीला मी वर्गात उत्तर दिलं, कोणाचंही नाव न घेता. घरात भीती वाटली तर कुठल्या काकूकडं, कुठल्या शेजाऱ्याकडं जायचं ते आधीच ठरवून ठेवा. १०९८ हा मुलांसाठीचा फोन आहे, तो पाठ करा. आणि बाबांचं पिणं ही तुमची चूक नाही. हे शेवटचं वाक्य मी सावकाश, दोनदा म्हटलं.

हात रिकामे असू नयेत

अनिल अवचटांना ओरिगामीचं वेड होतं. बासरी वाजवायचे, लाकडातून शिल्पं कोरायचे. रंगीत कागदाच्या एका चौकोनातून, कात्री न लावता, घडी घालत घालत पक्षी उभा करणं ही त्यांची खासियत. पुष्कळांना ती एका मोठ्या लेखकाची गोड सवय वाटते. मला ती त्यांच्या कामाचाच भाग वाटते. व्यसन सुटलं की दिवसात मोठी पोकळी पडते. ती भरली नाही तर जुनी सवय परत येऊन बसते. आणि जी गोष्ट सुटलेल्याला लागू आहे, ती अजून न लागलेल्यालाही लागू आहे.

आइसलँडनं हे सगळ्या देशासाठी करून दाखवलं. १९९८ मध्ये तिथल्या पंधरा-सोळा वर्षांच्या मुलांपैकी ४२ टक्क्यांनी आदल्या महिन्यात नशा येईपर्यंत दारू प्यायल्याचं सांगितलं होतं. २०१६ मध्ये हे प्रमाण ५ टक्क्यांवर आलं. रोज सिगारेट ओढणारे २३ टक्क्यांवरून ३ टक्क्यांवर आले. त्यांनी व्याख्यानं वाढवली नाहीत. खेळ, संगीत, नाच यांचे वर्ग वाढवले, त्यांची फी भरायला घरांना पैसे दिले, पालकांना एकत्र आणलं, मुलांनी रात्री उशिरापर्यंत बाहेर राहू नये असा नियम केला. आपल्याकडं तालमी होत्या, भजनी मंडळं होती, ढोल-ताशांची पथकं आहेत, गावोगावी मैदानं होती. 'होती' हे क्रियापद मला खुपतं. संध्याकाळी सहा ते आठ या वेळात आपल्या गावातला पंधरा वर्षांचा मुलगा कुठं असतो, हा प्रश्न ग्रामसभेत विचारला जायला हवा.

जो घसरला, त्याचा जीव

आता ज्या गोष्टीवर बोलायला आपण सगळे बिचकतो, तिच्याकडं येतो. कितीही शिकवलं तरी काही मुलं घेणारच. त्यांचं काय?

मणिपूरनं हा प्रश्न जिवावर बेतल्यावर सोडवला. इम्फाळमध्ये १९९१ साली, स्वतः व्यसनातून गेलेल्या तरुणांनी एकत्र येऊन 'सासो' ही संस्था उभी केली. व्यसन सुटेल तेव्हा सुटेल, आज निदान एचआयव्ही होऊ नये म्हणून स्वच्छ सुया द्या, जखमा धुवा, तपासणी करा, अशी त्यांची रीत. मुंबईच्या रस्त्यांवर 'संकल्प' ही संस्था सुईनं नशा करणाऱ्यांमध्ये अनेक वर्षं हेच करत आली आहे. पुढं सरकारी एड्स नियंत्रण कार्यक्रमानंही हा मार्ग घेतला, आणि सुईऐवजी जिभेखाली ठेवायची ब्युप्रेनॉर्फिनची गोळी देखरेखीखाली देणारी केंद्रं देशात उघडली. याला हानी कमी करणं म्हणतात. व्यसनाला मुभा देणं आणि माणसाला जिवंत ठेवणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मेलेल्या माणसाला व्यसनमुक्त करता येत नाही.

शाळेत हे कसं शिकवायचं? मी सुया-गोळ्यांबद्दल काही शिकवलं नाही. मी प्रथमोपचार शिकवला. वर्गातली बाकं बाजूला सारली, सतरंजी अंथरली, एका धडधाकट मुलाला उताणं झोपवलं. समजा, याला कोणीतरी भरपूर पाजलीय, हा हलत नाहीये. काय कराल? 'लिंबूपाणी पाजू.' 'थंड पाण्याची बादली ओतू.' 'झोपू देऊ, सकाळी उतरेल.' तिन्ही उत्तरं जीव घेऊ शकतात, हे सांगितल्यावर वर्ग गंभीर झाला. मग दाखवलं. आपल्याकडचा त्याचा हात बाजूला सरळ, पलीकडचा हात ओढून पंजा गालाखाली, पलीकडचा गुडघा दुमडलेला, आणि तो गुडघा धरून त्याला अलगद आपल्याकडं कुशीवर वळवायचं. हनुवटी थोडी वर. उलटी झाली तर ती बाहेर पडेल, श्वासनळीत जाणार नाही. श्वास चालू आहे का बघत राहायचं, फार संथ झाला, ओठ निळे पडले, तर एक क्षण थांबायचं नाही. १०८ ला फोन. काय घेतलंय ते डॉक्टरांना खरं सांगायचं. आणि त्याला एकटं सोडून पळायचं नाही.

बावन्न मुलांनी आळीपाळीनं एकमेकांना कुशीवर वळवलं. हसत-खिदळत सुरुवात झाली, पण शेवटी शेवटी ती एकमेकांची डोकी फार जपून खाली टेकवत होती.

आणखी दोन गोष्टी मी दरवर्षी सांगितल्या. व्हाइटनर किंवा सोल्यूशन हुंगताना कोणी दिसलं तर त्याच्यावर ओरडू नका, त्याला पळवू नका. त्या वाफांनी हृदय इतकं नाजूक झालेलं असतं की दचकून पळताना ते बंद पडू शकतं. शांतपणे मोकळ्या हवेत आणायचं, बसवायचं. आणि दुसरी : काही आठवडे सोडून पुन्हा सुरू करणाऱ्याला सर्वांत मोठा धोका असतो. शरीराची सवय मोडलेली असते आणि हात जुन्याच मापानं घेतो. त्यामुळं घरी परत आलेल्या माणसाच्या पहिल्या महिन्यांत घरानं जास्त जवळ राहायचं असतं.

एनडीपीएस कायद्याबद्दलही मुलांना अर्धवट माहीत असतं. शिक्षा माहीत असते, पण व्यसनी व्यक्ती स्वतःहून उपचाराला पुढं आली तर तिला खटल्यापासून संरक्षण देणारं कलम ६४ अ याच कायद्यात आहे, हे कोणी सांगत नाही. मदत मागणं हा गुन्हा नाही, हे वाक्य प्रत्येक शाळेच्या भिंतीवर असायला हवं. त्याखाली १४४४६ हा व्यसनमुक्तीचा राष्ट्रीय मदतक्रमांक. एम्सच्या त्याच पाहणीत दिसलं होतं, की दारूवर अवलंबून असलेल्या ३८ जणांपैकी एकालाच कसलेतरी उपचार मिळतात. उरलेले सदतीस कोणाच्या ना कोणाच्या घरात आहेत, आणि त्यांची मुलं आपल्या वर्गात आहेत.

वाट पुढं

१९८६ मध्ये शत्रू एक होता, त्याचं नाव गर्द होतं. आज एमडी म्हणजे मेफेड्रोन आहे, मेडिकलमधल्या गोळ्या आहेत, व्हेप आहेत. फेब्रुवारी २०२४ मध्ये पुणे पोलिसांनी उघडकीला आणलेल्या एमडीच्या साठ्याचा एक धागा दौंड तालुक्यातल्या कुरकुंभच्या औद्योगिक वसाहतीपर्यंत पोचला. साठा हजार किलोहून जास्त होता. माझ्या शाळेतली मुलं बारावीनंतर त्याच वसाहतींत कामाला लागतात. पोलिसांचं काम पोलीस करतील. पण पुरवठा कितीही तोडला तरी रोज नवं नाव येतं. नाव कुठलंही असो, पुढं केलेल्या हाताला काय उत्तर द्यायचं हे ज्या मुलाला ठाऊक आहे आणि चूक झाली तर कोणाकडं धावायचं हेही ठाऊक आहे, तो प्रत्येक नव्या नावापुढं थोडा जास्त सुरक्षित असतो. मुक्तांगणच्या वाटचालीतून मी एवढंच उचललं : आजाराला आजार म्हणायचं आणि माणसाला मित्र.

मी आता निवृत्त आहे, पण शाळेत जातो. दप्तरात बाटली सापडली की आता तिथं काय होतं, ते सांगतो. मुलाला वर्गासमोर उभं करत नाहीत. त्याला आत नेऊन बसवतात, पाणी देतात, श्वास आणि शुद्ध नीट आहे ना बघतात. ज्या शिक्षकाशी त्याचं जमतं तो त्याच्याजवळ बसतो आणि आधी ऐकतो. संध्याकाळी आईला बोलावतात. तिच्या हातात दाखल्याऐवजी समुपदेशकाचा पत्ता आणि पुढच्या भेटीची तारीख असते, आणि त्या भेटीला शाळेतलं कोणीतरी बरोबर जातं. दुसऱ्या दिवशी सकाळी हजेरी घेताना त्याचं नाव येतं, आणि ते नेहमीच्याच आवाजात पुकारलं जातं.